दत्तूशेठच्या भिंतीचं दुसरं टोक

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या दत्तूशेठच्या गॅरेजात सहा वर्षांपूर्वी भिंतीवरचा रॅक पडला. तो माझ्या चुकीमुळे पडला. बालाजी फिटरची त्यात काहीही चूक नव्हती. त्या पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांमध्ये आजवर बरोबर उलटं सांगितलं गेलं, आणि ते तसं सांगितलं जावं याची सोय मीच करून ठेवली होती. संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. त्याही लिहितो. पण हे एवढं आधी सांगितल्याशिवाय बाकीचं लिहायला हात उचलेना.

मी गॅरेजांच्या भिंतींवर हत्यारं ठेवण्याचे रॅक डिझाइन करतो आणि बसवून देतो. भोसरीत माझं छोटं युनिट आहे. एक पत्रा वाकवायचं मशीन, एक वेल्डर, दोन हेल्पर आणि कोपऱ्यात माझं ड्रॉइंगचं टेबल. माझे साडू नातेवाइकांत माझी ओळख "हे फळ्या ठोकतात" अशी करून देतात. पूर्वी मला राग यायचा. मग मी म्हणायला लागलो, हो, पण त्या पडू नयेत म्हणून आधी विचार करतो. हे वाक्य मी गेली सहा वर्षं बोललेलो नाही, हेही खरं.

बाहेरच्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय आहे असं वाटतं. गॅरेजात जमीन गाडीला लागते, म्हणून हत्यारं भिंतीवर जातात, एवढं साधं आहे. अवघड आहे ते माणसाचा हात समजून घेणं. मेकॅनिक गाडीखाली किंवा इंजिनात डोकं घालून बसलेला असतो. त्याचा एक हात मागे येतो आणि न बघता पाना उचलतो. तो हात जिथे येतो तिथे बारा-तेराचा पाना असायला हवा. नसला तर तो माणूस दिवसातून साठ वेळा मान वळवतो आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोवर चिडतो. म्हणून नव्या गॅरेजात गेलो की मी टेप काढत नाही. तासभर नुसता उभा राहतो आणि हात कुठे जातो ते बघतो. रोज लागणारं कमरेपासून खांद्यापर्यंत, जड ते खाली, वर्षातून दोनदा लागणारं वर. फळीला पुढे बोटभर ओठ, म्हणजे तेलकट सॉकेट घरंगळत नाही.

हे सगळं कळूनही मी भोसरीतल्या एका दुचाकी मेकॅनिकला फसवलं होतं. त्याला सगळे मामा म्हणत. मी तासभर उभा राहिलो, ड्रॉइंग केलं, झकास रॅक बसवून दिला. महिन्याने गेलो तर सगळे पाने पुन्हा जमिनीवर. मामा म्हणाला, "साहेब, रॅक एक नंबर आहे. माणूस तेवढा उलटा निघाला." मामा डावखुरा होता. मी तासभर त्याच्या हाताकडे बघत होतो आणि कोणता हात ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. संपूर्ण रॅक आरशात बघितल्यासारखा उलटा करून दिला. ती चूक मी लगेच कबूल केली होती, कारण तिच्यात कुणाला लागलं नव्हतं.

दुसरे एक गृहस्थ वाकडचे, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बंगलीच्या गाडीखान्यात त्यांना परदेशी व्हिडिओत असतो तसा हत्यारांचा फलक हवा होता. छिद्रांचा पत्रा, प्रत्येक हत्याराला हुक, आणि हुकामागे त्या हत्याराची काळी आकृती रंगवलेली, म्हणजे काय गायब आहे ते लगेच कळावं. आमच्याकडच्या कंपन्यांत ही पद्धत असतेच, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्यांनी ड्रॉइंगवर अकरा वेळा दुरुस्त्या पाठवल्या. आकृत्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरने कमी-जास्त. रॅक लागल्यावर सात-आठ महिन्यांनी त्यांचा घाईचा फोन आला की पाइप पान्याची जागा रिकामी दिसते आहे, चोरी झाली असावी. पाना स्वयंपाकघरात सापडला. वहिनींनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला नेला होता. त्या घरात कामाला आलेलं ते पहिलंच हत्यार. मी हे पुष्कळ ठिकाणी सांगून हशा मिळवला आहे. याच गृहस्थांच्या अकराव्या दुरुस्तीसाठी मी ज्या दिवशी वाकडला चाललो होतो, त्या दिवशी दत्तूशेठच्या भिंतीवर रॅक लागत होता.

आता भिंतीबद्दल सांगायला हवं. रॅक कितीही चांगला केला तरी तो भिंत धरेल तेवढाच टिकतो, आणि भिंत गिलाव्याच्या आत काय आहे ते वरून दिसत नाही. गॅरेजची भिंत तर खाली चार फूट ऑइल पेंट, वर चुना, त्यावर धुराची पुटं. म्हणून आम्ही आधी बारीक ड्रिल मारून भुकटी बघतो. लाल आली तर वीट. करडी आली आणि ड्रिल किंचाळलं तर काँक्रीट. पांढरट आली आणि बिट आवाज न करता आत गेलं, तर ती हलक्या ब्लॉकची भिंत. गेल्या काही वर्षांत सगळीकडे हेच ब्लॉक वापरतात. भिंत म्हणून त्यांत काही वाईट नाही. पण आमचा फास्टनर, म्हणजे रॅक धरणारा बोल्ट, आत जाऊन फुगतो आणि आजूबाजूला दाबून पकड घेतो. वीट तो दाब सोसते. हलका ब्लॉक आतल्या आत चुरतो. त्या दिवशी सगळं घट्ट वाटतं, आणि रोज पाना काढताना-ठेवताना थोडं थोडं सैल होत जातं. अशा भिंतीला रॅक टांगायचाच नसतो. त्याला जमिनीवर पाय द्यायचे, किंवा आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावायची.

माझा नियम होता की दर चार फुटांवर एक भोक मारून भुकटी बघायची. हा नियम मी बालाजीला शिकवला.

बालाजी लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरकडचा. एका कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून आला होता, तिथून माझ्याकडे आला. दोन वर्षांत तो माझ्यापेक्षा चांगलं ड्रिल मारायला लागला. भोकाखाली तो कागदाची पुडी टेपने चिकटवायचा. भुकटी त्यात पडायची आणि मालकाला दाखवता यायची. भिंतीला कान लावून टिचकी मारायचा. मी थट्टा केली की म्हणायचा, "दादा, डॉक्टरला कुणी हसतंय का?" गॅरेजवाले मला फोन करून सांगायचे, काम द्यायचं तर बालाजीला पाठवा. त्याचं मला कौतुक वाटायचं आणि थोडं खुपायचंही.

दत्तूशेठ चाकणजवळच्याच एका गावचे. घरची काही जमीन कंपनीत गेली, रस्त्याकडेला उरली तिच्यावर गॅरेज काढलं. कंपन्यांचा माल वाहणारे टेम्पो आणि पिकअप त्यांच्याकडे येतात. माणूस मोठ्या आवाजाचा, पण हिशेबी नाही आणि खोटं चालत नाही. त्यांना चोवीस फुटांचा रॅक हवा होता, आठ आठ फुटांचे तीन तुकडे.

त्यांच्या हत्यारांचं वजन मी नीट काढलं होतं. त्यासाठी माझी एक युक्ती आहे. खंडेनवमीला गॅरेजांत सगळी हत्यारं उतरवून, पुसून, जमिनीवर मांडून पुजतात. त्या दिवशी मी ताणकाटा घेऊन जातो. एरवी माणूस तोंडाने सांगतो त्याच्या दुप्पट हत्यारं निघतात. कुठल्या कुठल्या खबदाडातून बाहेर येतात. दत्तूशेठकडे प्रसादाचे पेढे खात मी सगळं तोललं, आणि त्याच्या तिप्पट वजन सोसेल असा रॅक काढला. पत्रा, वेल्डिंग, ब्रॅकेट, सगळं चोख होतं. आजही ते ड्रॉइंग मला कुणालाही दाखवता येईल.

फक्त भिंतीला मी एकच भोक मारलं. दाराशेजारी. लाल भुकटी आली. एकच रंग, एकच गिलावा, सलग भिंत. दत्तूशेठ म्हणाले, "आमच्या बापाच्या टायमाची भिंत हाय, हत्ती बांधा." ती सोळा फुटांपर्यंत बापाच्या वेळची होती. पुढचा भाग तेव्हाच्या दोन वर्षं आधी त्यांच्या धाकट्या भावाने शेड वाढवली तेव्हाचा, हलक्या ब्लॉकचा. दत्तूशेठना वाढवलेली शेड म्हणजे वरचा पत्रा एवढंच आठवत होतं. गॅरेजच्या मागे जाऊन बघितलं असतं तर तिथे गिलावा न केलेले ब्लॉक उघडे दिसत होते. दोन मिनिटांचं काम. मागे गाजरगवत माजलं होतं आणि मी नवे बूट घातले होते. कारण एवढंच आहे. मी ते पुष्कळ वेळा तपासून बघितलं, दुसरं सापडत नाही.

बसवायच्या दिवशी मी वाकडच्या चौकात गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. पुढे हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या, मागेही त्याच. बालाजीचा फोन आला. पहिले दोन तुकडे लागले, म्हणाला, सगळी लाल आली. मग म्हणाला, "दादा, तिसऱ्याला भुकटी पांढरी यायलीय. बिट लोण्यात गेल्यावानी चाललंय. मारू का थांबू?"

मला तेव्हाच कळलं. हे मी आज इथे लिहितो आहे ते एवढ्याच वाक्यासाठी. मला तेव्हाच कळलं की भिंत बदलली आहे. पण थांब म्हटलं असतं तर तिसरा तुकडा परत आणून त्याला पाय लावावे लागले असते, पुन्हा रंगवावा लागला असता, दत्तूशेठना सांगावं लागलं असतं की मी एकच भोक मारून ड्रॉइंग केलं. मी म्हणालो, गिलावा जाड असेल, लांब फास्टनर टाक आणि मारून घे.

तो म्हणाला, "उद्या एकडाव येऊन बघितलं तर बरं हुईल."

मी म्हणालो, उद्या जमणार नाही. पुढची गाडी हलली आणि मी फोन ठेवला.

एकोणीस दिवस तो तिसरा तुकडा टिकला. विसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दत्तूशेठ स्वतः मोठ्या सॉकेटचा ट्रे काढायला गेले आणि भिंतीसकट आल्यासारखा तो तुकडा खाली आला. त्यांच्या डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. तीन इंच डावीकडे उभे असते तर तो डोक्यात बसला असता.

मी बातमी कळल्यावर तिथे गेलो. बालाजीही आला होता. ब्रॅकेटला चिकटून पांढरी ढेकळं आली होती, जमिनीवर पांढरा चुरा पडला होता. दत्तूशेठ पट्टा बांधून दवाखान्यातून परतले आणि खुर्चीवर बसले. आजूबाजूला त्यांचे चार मेकॅनिक. ते ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कशानं झालं?"

मी म्हणालो, शेठ, भिंत मध्येच बदलली आहे. बसवताना भुकटी बघून भिंत बदलली तर मला कळवायचं, असा आमचा नियम आहे. मला कुणी कळवलं नाही.

यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं.

बालाजीने माझ्याकडे बघितलं. मी त्या चुऱ्याकडे बघत होतो. मग तो दत्तूशेठना म्हणाला, "चूक झाली शेठ. माझ्याकडून."

मी तो तुकडा पाय लावून, नव्याने करून दिला. दवाखान्यातही दोनदा जाऊन आलो. दत्तूशेठ माझ्यावर खूश झाले. साहेबांनी जबाबदारी घेतली, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. बालाजीबद्दलही सांगितलं. गॅरेजवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोणत्या दुकानात कुठला पार्ट मिळतो, कोण गिऱ्हाईक कसं आहे, सगळं त्यावर येतं. त्यावर बालाजीचा फोटो आला, खाली लिहिलेलं की या गड्याला भिंतीला हात लावू देऊ नका. तो फोटो माझ्याच युनिटमधल्या दसऱ्याचा होता. मला तो एका गिऱ्हाइकाने दाखवला. मी म्हणालो, असू दे हो, माणूस चुकतो. उदारपणा दाखवला.

पुढचे तीन महिने मी बालाजीला युनिटमध्येच ग्राइंडिंगला ठेवलं. बाहेरच्या कामाला त्याला नेता येईना. गिऱ्हाईक आधीच सांगायचे, तो नको. एक दिवस तो म्हणाला की म्हाळुंगेच्या कंपनीत पॅकिंगला जागा आहे, शिफ्टचं काम आहे, जातो. त्याने आपली ड्रिल बिटं कापडात गुंडाळून नेली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. घरी बायकोने विचारलं, बालाजी आताशा येत का नाही. म्हटलं, त्याला कंपनीत चांगली नोकरी लागली.

या सहा वर्षांत मी एक गोष्ट काटेकोर केली. दर दोन फुटांवर भोक मारून मी स्वतः बघायला लागलो. गिऱ्हाइकांना वाटायचं, किती चोख माणूस आहे. माझा धंदा त्याने वाढला. ज्याचं नाव गेलं तो पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होता आणि माझं नाव वर जात होतं. मी मनाला समजावायचो की त्याने स्वतःच कबूल केलं, मी तर त्याचं नावही घेतलं नव्हतं. काही दिवस हे पटायचं.

या वर्षी पाडव्यानंतर दत्तूशेठनी बोलावलं. गॅरेजशेजारीच त्यांनी नवं मोठं वर्कशॉप बांधलं आहे. चार भिंतींना रॅक हवे होते. चहा पिताना त्यांनी हसत सांगितलं, "तुमचा तो जुना गडी आला व्हता परवा. कंपनीतनं काढलंय म्हनं, आता सवताचं फिटिंगचं काम करतोय. म्हनला, शेठ, एक भिंत द्या, फुकट बसवून दाखवतो. म्या म्हनलं, माझा दुसरा खांदा मोडायचा हाय का? गेटावरनंच घालवला." आणि खांदा चोळत म्हणाले, "लई वेळ उभा ऱ्हायला व्हता पन."

मी हातातला कप खाली ठेवला. दत्तूशेठ विचारत होते, कधी मापं घेता. मी म्हणालो, कळवतो.

बालाजीचा नंबर बदलला होता. जुन्या हेल्परकडून पत्ता काढला. मोशीत, आळंदी रस्त्याच्या आत, एका चाळवजा इमारतीत तो राहत होता. मी गुरुवारी गेलो. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून सवयीने तोच वार निवडला. तो घरीच होता. त्याला काम नसल्यामुळे सगळे वार सारखेच होते, हे दारात उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी कोण ते तिला ठाऊक होतं. पेला माझ्या हातात न देता तिने खाली ठेवला.

मी बोलायला सुरुवात केली. फोन, वाकडचा चौक, पांढरी भुकटी, सगळं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "हे मला कशाला सांगायलाव? मला ठावं हाय की."

मी विचारलं, त्या दिवशी तू स्वतःवर का घेतलंस?

"शेठ चिडल्यालं. तुमचं नाव गेलं आसतं तर समद्यांचंच काम गेलं आसतं. मनलं, दादा आत्ता मालकापुढं तसं बोलले आसतील, दोन दिसानं सवताच सांगतील." मग, माझ्याकडे न बघता, "लई दिस वाट बघितली."

मी माफी मागायला लागलो. त्याने हाताने थांबवलं. रागाने नाही, लहान मूल पडतंय असं वाटून पुढे करतात तसा हात होता. "हितं नगा मागू साहेब. हितं कोन ऐकतंय? हितं मागून तुमाला बरं वाटंल, मला भिंत मिळनार न्हाई."

पूर्वी तो मला दादा म्हणायचा. त्या दिवसापासून साहेब म्हणतो.

दत्तूशेठना खरं सांगितल्यावर पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. नव्या वर्कशॉपचं काम दत्तूशेठनी मला दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बालाजीलाही लगेच दिलं नाही. महिनाभराने एक भिंत दिली आणि समोर स्टूल टाकून प्रत्येक भोक बघत बसले. भोकाखाली चिकटवलेल्या पुड्या त्यांनी स्वतः उघडून पाहिल्या म्हणे. मग दुसरी भिंत दिली. ग्रुपवर त्यांनी आपल्या आवाजात निरोप टाकला, त्यात माझं नाव घेतलं. माझी दोन-तीन गिऱ्हाईकं गेली. काही नवी आली, त्यांना हे माहीत नाही, आणि आता हा लेख वाचून कळेल. बायकोला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. बालाजी आणि मी कधी समोरासमोर आलो तर तो थांबतो, चौकशी करतो, निघून जातो. माझ्याकडे परत ये असं मी त्याला विचारलेलं नाही. तो हक्क माझा राहिला नाही.

आता, खरं सांगितलं तो दिवस. मी मुद्दाम बुधवार धरला, गॅरेज भरलेलं असतं म्हणून. सहा वर्षांपूर्वी खोटं बोललो तेव्हा पाचसहा माणसं होती, म्हणजे आता त्याहून कमी असून चालणार नव्हतं. बालाजीला बरोबर नेलं. गेटवर तो आत यायला बिचकला, मग आला. दत्तूशेठ पिकअपच्या बॉनेटशी वाकले होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग त्याला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

मी म्हणालो, शेठ, त्या रॅकबद्दल बोलायचं आहे. आणि मी सांगायला लागलो ते भिंतीबद्दल. हलके ब्लॉक कसे असतात, फास्टनर कसा पकड घेतो, चोवीस फुटांत दोन प्रकारचं बांधकाम आलं की काय होतं. माझं मलाच ऐकू येत होतं की मी गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोलतो आहे. पण थांबता येत नव्हतं.

दत्तूशेठनी फडक्याला हात पुसले. "भिंतीचं ऱ्हाऊ द्या. मानसाचं बोला."

मी बोललो. पण मागे कॉम्प्रेसर चालू होता, आणि माझा आवाज असा निघाला की शेजारी उभ्या बालाजीलाही नीट ऐकू गेला नसावा. रॅम्पखालच्या मेकॅनिकने डोकं बाहेर काढून विचारलं, काय म्हणाले? दत्तूशेठनी हात वर करून कॉम्प्रेसर बंद करायला लावला. सगळीकडे शांत झालं. चौघे-पाच जण होते ते हातातलं सोडून पुढे आले.

"आता सांगा," दत्तूशेठ म्हणाले. "समद्यांना ऐकू जाऊ द्या."

मी बालाजीकडे तोंड केलं.

"बालाजी, तिसरा तुकडा लावताना तू मला फोन केला होतास. भिंत बदलली आहे हे तू सांगितलंस. थांबू का असं विचारलंस. मला कळलं होतं, तरी मी मारून घे म्हणालो. रॅक पडल्यावर इथेच उभं राहून, मला कुणी कळवलं नाही, असं मी खोटं सांगितलं. तू माझ्यासाठी गप्प राहिलास, आणि मी सहा वर्षं तुला तसंच ठेवलं. शेठचा खांदा माझ्यामुळे मोडला. तुझं काम माझ्यामुळे गेलं. तुझी काहीही चूक नव्हती. मला माफ कर."